गाडीचा हार

जयवंतरावांनी द्राक्षबागेसाठी चिखलात, चढावर, कुठेही चालणारी चारचाकी आणली. दसऱ्याला तिच्या तोंडावर झेंडूचा भलामोठा हार चढवून ते गावादेखत टेकडीकडे निघाले. निम्म्या चढावर इंजिन तापलं आणि गाडी बंद पडली.

लोक हसले, तसे जयवंतराव गॅरेजवाल्या मंजुळावर कडाडले, "कालच सर्व्हिसिंग केलंस आणि आज गाडीनं हार मानली? तुझं गॅरेज बंदच करतो!"

मंजुळानं रेडिएटरची जाळी झाकणारा हार काढला, इंजिन निवू दिलं आणि किल्ली फिरवली. गाडी सरसर टेकडी चढली.

वरून उतरून तिनं हार जयवंतरावांच्या हातात ठेवला. "तिनं हार मानली नव्हती, मालक. तुम्हीच हा घालून तिचा श्वास कोंडलात. आता मानायची तर तुम्ही माना!"