कासाराच्या ताब्यातला हात

एकदा एका कासाराच्या उजव्या अंगावरून वारे गेले. काही महिन्यांनी तो चालू लागला, बोलू लागला. मात्र उजव्या हाताची बोटे कामाला येईनात. समोरच्या बाईचा पंजा उजव्या हाताने दाबून लहान करायचा आणि डाव्या हाताने बांगडी चढवायची, हे त्याने तीस वर्षे केले होते.

त्या नगरात व्यवसायोपचाराचे एक वृद्ध आचार्य होते. दुखण्यातून उठलेल्या माणसाला त्याची नित्याची कामे पुन्हा करता यावीत, यासाठीची ही विद्या. तिचे शिक्षण पुरे करत आलेली त्यांची एक शिष्या कासाराला रोज रबरी चेंडू दाबायला देई आणि पकडीचा जोर वहीत टिपून ठेवी. जोर दर आठवड्याला वाढत होता. तरीही एका सकाळी कासार म्हणाला, "ताई, आता पुरे. दुकान बंद करतोय. सगळा माल आज संध्याकाळी एक व्यापारी उचलणार आहे."

शिष्येने वही पुढे केली. "अहो काका, जोर दुप्पट झालाय तुमचा!"

"चेंडूला बांगड्या भरायच्या असत्या तर थांबलो असतो," असे म्हणून तो निघून गेला.

आचार्यांनी हे ऐकले. त्यांनी चेंडू कपाटात ठेवून कुलूप लावले आणि दुपारी शिष्येला घेऊन ते कासाराच्या दुकानी गेले. त्याची बायको बांगड्या कागदात गुंडाळत होती.

"हिला हिरव्या बांगड्या भरा," आचार्य म्हणाले. "मापाला जरा तंगच द्या."

"गुरुजी, चेष्टा करता का?"

"गिऱ्हाईक आणलंय. नको असेल तर शेजारच्या गावी जातो."

कासार नाइलाजाने बसला. त्याची बोटे चाचपडू लागली. शिष्येला ते बघवेना. तिने हळूच अंगठा आत मुडपला आणि मनगट पुढे रेटले. बांगडी चढली.

"जमलं की काका!"

कासाराने तिचा हात सोडून दिला. "ही तुम्ही भरलीत. मी नुसता धरून होतो."

"काढ ती," आचार्य शिष्येला म्हणाले.

दुसरी बांगडी अंगठ्याशी आली आणि पिचली. रक्ताचा थेंब आला. शिष्येने हात मागे घेतला, पण तो सुटला नाही. कासाराच्या उजव्या हाताच्या बोटांनी तो धरून ठेवला होता.

"ओढू नका! ओढलं की जास्त लागतं. हात आहे की लाकूड? ढिला सोडा. इकडं नका बघू, त्या भिंतीकडं बघा."

इतके दिवस पुटपुटणाऱ्या माणसाचा आवाज दुकानभर झाला. त्याच्या बायकोचे हात थांबले. शिष्येने भिंतीकडे पाहिले. अंगठ्याच्या मुळाशी बोटे आली, थबकली, दाबू लागली, पुन्हा थबकली. तिसरी बांगडी गेली. मग चौथी.

कासार काचा वेचत असताना शिष्येने विचारले, "गुरुजी, मग तो चेंडू वायाच गेला का?"

"नाही. जोर त्यानेच आला. पण बांगडी जोराने जात नाही. समोरचा हात कुठे घट्ट आहे, कुठे सैल होतोय, हे बोटांना कळावं लागतं. त्यासाठी जिवंत हात हवा आणि तो त्यांच्या भरवशावर सोडलेला हवा. पहिल्या वेळी तुला दया आली, आणि त्यांना करायला काही उरलंच नाही. मदतीची घाई आवरणं हे आपल्या विद्येत फार उशिरा जमतं. मला दहा वर्षं लागली."

एवढ्यात व्यापारी दारात येऊन उभा राहिला. "माल बांधला का?"

कासाराने मान वर केली नाही. "बाहेर बसा जरा. ताईंचा दुसरा हात राहिलाय."

शिष्येने दुसरा हात पुढे केला आणि भिंतीकडे पाहू लागली.