सखाहरीची कोशिंबीर

एका गावात एक भोळा नवरा होता, नाव त्याचं सखाहरी. स्वभावाने इतका गरीब की वाटेत मुंग्यांची रांग दिसली तर सगळ्या मुंग्या जाईपर्यंत उभा राहायचा. कुणी काही सांगितलं की ते जसंच्या तसं करायचा, आणि एकदा सांगितलेलं कधी विसरायचा नाही. सगळी पंचाईत तिथेच होती.

त्याची बायको हौसा मोठी हुशार. एकदा ती अंगणात पाय घसरून पडली आणि तिचा उजवा हात मोडला. हाडवैद्याने हाताला फळ्या बांधल्या. म्हणाला, "हाड जुळेपर्यंत चमचासुद्धा उचलायचा नाही."

ही बातमी हौसाच्या वडलांना, बाळोजींना कळली. त्यांनी निरोप धाडला. "बाजाराच्या दिवशी गाडी घेऊन येतो. जावयाच्या हातचं गोड लागलं तर लेक तिथेच राहू दे. नाही लागलं तर घेऊन जाईन. पोर उपाशी राहायला नको."

हौसा शेजारी जरी गेली तरी सखाहरीला घर खायला उठायचं. हौसालाही माहेरी जायचं नव्हतं. माहेरी भावजय होती.

हौसा म्हणाली, "भाकरी-पिठलं शेजारच्या येसूकाकू देतील. तुम्ही चुलीकडे फिरकू नका. पण बाबांना पानात कोशिंबीर लागतेच. ती तुम्ही करा. रोज एक नवी करून बघू, म्हणजे हात बसेल."

"बसेल की," सखाहरी म्हणाला.

पहिल्या दिवशी काकडी. सखाहरीने बारीक कोचवली, दही घातलं, दाण्याचं कूट घातलं. दिसायला देखणी झाली. हौसाने घास घेतला आणि तिचं तोंड वाकडं झालं.

"अहो, कडूजहर आहे ही. आधी चाखून नाही का बघितली?"

"तू कुठे सांगितलंस?"

"प्रत्येकीचा तुकडा आधी चावून बघायचा. बरी लागली तर घ्यायची, नाहीतर गाईपुढे टाकायची."

"बरं. पुढच्या वेळी."

दुसऱ्या दिवशी कांदा-टोमॅटो, वर हिरवी मिरची. सखाहरी टोपली घेऊन बसला. टोमॅटो चावला, बरा लागला. कांदा चावला, डोळ्यांतून धारा लागल्या. कांदे गेले गाईपुढे. मग मिरची चावली. कानांतून वाफ निघाली. पण सांगितलं होतं प्रत्येकीचा तुकडा. एखादी तरी बरी निघेल म्हणून त्याने टोपलीतली शेवटची मिरचीही चावली आणि सगळ्या गाईपुढे ठेवल्या. गाईने एकदा मिरच्यांकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे बघितलं आणि पाठ फिरवली.

हौसा गोठ्यात आली तर नवरा गाईच्या हौदात तोंड घालून बसलेला.

"अहो, कांदा उग्र लागला म्हणून टाकून देतात का? चिरायचा, मीठ चोळायचं, मुठीत घट्ट पिळायचा आणि सुटलेलं पाणी फेकून द्यायचं."

"बरं. पुढच्या वेळी."

पुढच्या वेळी आलं डाळिंब. सखाहरीने दाणे सोलले, मीठ चोळलं, मुठीत घट्ट पिळले. लाल पाणी पायरीवर फेकलं. सदरा लाल, हात कोपरापर्यंत लाल. तेवढ्यात येसूकाकू भाकरी घेऊन आल्या. पायरी बघितली, सखाहरीला बघितलं आणि त्या होत्या तिथेच खाली बसल्या.

"सखाहरी, हौसा कुठाय रे?"

"आत पडलीय. आज हालचाल करत नाही."

"अरे, केलंस काय तू?"

"काही नाही काकू. मीठ लावलं आणि पिळलं."

काकूंनी अशी आरोळी ठोकली की आत झोपलेली हौसा धडपडत बाहेर आली. तिला सुखरूप बघून काकूंनी आधी तिला कवटाळलं आणि मग सखाहरीच्या पाठीत एक धपाटा घातला. वाटीत बघावं तर नुसत्या पांढऱ्या बिया.

हौसा म्हणाली, "अहो, डाळिंब नाजूक. ते दाबायचं नाही, चिरायचं नाही. आहे तसं अलगद दह्यात सोडायचं."

"बरं. पुढच्या वेळी."

पुढच्या वेळी गाजरं होती. सखाहरीने ती शेतातून उपटली आणि आहेत तशी अलगद दह्यात सोडली. पाल्यासकट, मातीसकट. दह्याच्या मडक्यावर हिरवा पाला डुलत होता आणि एक गांडूळ काठावर येऊन जरा दम खात होतं.

हौसाने कपाळाला डावा हात लावला. उजवा बांधलेला होता. "अहो, जमिनीतून निघालेलं आधी खसाखसा धुवायचं, भरपूर पाण्यात."

शेंगा जमिनीतूनच निघतात. म्हणून त्याने दुसऱ्या दिवशी दाण्याचं कूट धुतलं. कूट पन्हळीने वाहत गेलं आणि चिमण्या जेवल्या.

उजाडला बाजाराचा दिवस. बाळोजींची बैलगाडी दाराशी आली. गाडीत लेकीसाठी गवत पसरून वर मऊ गोधडी अंथरलेली. घरात दही नव्हतं. मडकं गाजरांनी नासवलेलं. सखाहरी धावत गेला आणि येसूकाकूंकडून पितळी वाटी भरून दही आणलं.

हौसा त्याच्याजवळ बसली आणि हळूच म्हणाली, "आज मी सांगेन तेवढंच. एका वेळी एकच."

"काकडी चाखा." चाखली. "गोड आहे?" "आहे." "कोचवा." कोचवली. "कूट घाला." घातलं. "दही." ओतलं. "मीठ. पुरे, थांबा."

सखाहरी थांबला. मिठाची चिमूट हवेत धरून, सासरे पानावर येऊन बसले तरी थांबलेलाच होता. हौसाने "आता हात खाली घ्या" म्हटलं तेव्हा हात खाली आला.

बाळोजींनी घास घेतला. दुसरा घेतला. मग वाटीच पुढे केली.

"जावईबापू, झकास. माझा जीव भांड्यात पडला. लेक इथेच राहू दे."

हौसाने सुटकेचा श्वास टाकला. सखाहरीला तर काय करू नि काय नको असं झालं. जेवून सासरे विड्याचं पान लावत बसले तेवढ्यात तो काकूंची वाटी धुऊन त्यांना देऊन आला.

हौसाने विचारलं, "वाटीत काय घातलंत?"

"काही नाही. स्वच्छ धुतली."

"अहो, रीत आहे का ही? दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नसतात. घरातलं चांगलं काहीतरी घालून द्यायचं."

"बरं. पुढच्या वेळी."

बाळोजींनी बैल जुंपले, पुढे बसले, कासरा हातात घेतला. सखाहरी निरोप द्यायला बाहेर आला आणि गाडीकडे बघतच राहिला. गवत आहे, गोधडी आहे, वर काहीच नाही. दुसऱ्याची गाडी आपल्या दारातून रिकामी चालली.

तो घरात धावला. चांगलं काय असावं? मडकं बघितलं, नासलेलं. टोपली बघितली, तळाशी एक काकडी, तीही चावलेली. इकडे बघतो, तिकडे बघतो, तर दारात हौसा उभी. तोंडभर हसत.

सखाहरीने तिला अलगद उचललं आणि गाडीतल्या गोधडीवर नेऊन ठेवलं.

"अहो, हे काय करताय?"

बाळोजींनी मागे वळून बघितलं. "जावईबापू, मी लेक ठेवून चाललो होतो ना?"

"हो मामा. पण रिकामं परत करत नसतात. घरातलं चांगलं घालून द्यायचं. माझ्या घरात चांगलं म्हणावं असं एवढंच आहे."

बाळोजी मागेच बघत राहिले आणि हातातला कासरा सैल सुटला. हौसा हसून हसून गोधडीवर आडवी झाली, तिला खाली उतरता येईना. आणि बैलांना घरची ओढ. ते निघालेसुद्धा.

येसूकाकू दारात आल्या. "अरे, हौसा कुठे चालली?"

"मामांची गाडी परत केली काकू," सखाहरी हात हलवत म्हणाला. "या वेळी नाही चुकलो."