जावई खांद्यावर, फेटा जोडीला

नांदगिरवाडीच्या तालमीसमोर एक काळा, गुळगुळीत गोटा आहे. गाव त्याला 'जावई' म्हणतं, कारण मनधरणी केल्याशिवाय तो जागचा हलत नाही. भैरोबाच्या जत्रेत एक गडी हा गोटा खांद्यावर घेऊन उभा राहतो आणि मानाचा फेटा मात्र भलत्याच माणसाच्या डोक्याला बांधला जातो. नवखे पाहुणे हळूच म्हणतात, "अहो, माणूस चुकला!" मग तालमीचे आताचे शिदू वस्ताद मिशीवर हात फिरवत त्यांना कट्ट्यावर बसवून घेतात. चुकायला आम्ही काय काल जन्मलो, असा त्यांचा चेहरा असतो.

फार पूर्वी, म्हणे, या गोट्यावर दोन गावांचा हक्क होता, नांदगिरवाडीचा आणि ओढ्यापलीकडच्या बेलोशीचा. ज्या गावात गोटा असेल, त्या गावच्या गड्यानं दर जत्रेत तो खांद्यावर घ्यायचा. नाही जमलं, तर दुसऱ्या गावानं तो गाडीत घालून न्यायचा. तेव्हाच्या वस्तादांनी भैरोबापुढं शपथ घेतली होती, की जावयानं शीव ओलांडली त्या दिवशी तालमीला कुलूप लागेल.

गोटा उचलायचा सटवाजी, आणि त्याची जोड, म्हणजे मेहनतीचा सोबती, लिंबाजी. लिंबाजीच्या हातून गोटा कधी गुडघ्याच्या वर गेला नाही, पण पहाटे आखाड्यात पहिलं पाऊल त्याचं. माती तो उकरायचा, ताक-तेल घालून कालवायचा, सटवाजीला हाका मारून उठवायचा. दमून सटवाजीनं हात टेकले, की हा समोर उभा राहून एवढंच म्हणायचा, "अजून एक." भोवती तालमीतले सगळे बघत असायचे. त्यांच्यादेखत माघार घ्यायची सटवाजीची छाती नव्हती.

ओळीनं पाच जत्रा मारल्यावर मात्र त्याच्या डोक्यात हवा गेली. "गोटा गुडघ्यावर न्यायला येत न्हाई, त्यानं मला शिकवायचं व्हय?" असं म्हणून त्यानं गोटा उचलला आणि थेट घरी नेला. परड्याला कुडाचा आडोसा घातला, दूध-बदाम सुरू केले आणि एकट्याची मेहनत मांडली. गोटा गावातच होता, म्हणून वस्तादांनी अडवलं नाही.

पहिला महिना बरा गेला. मग गोटा छातीशी अडू लागला, मग कमरेशी, आणि जत्रा महिन्यावर आली तेव्हा गुडघ्याशी. बघणारं कुणी नव्हतं, त्यामुळं आज नको, उद्या बघू, असं रोज होत गेलं. गोट्याला बाधा झाली म्हणून सटवाजीनं नारळ फोडले, लिंबं उतरवली. गोटा ढिम्म. तालमीचं कुलूप डोळ्यांपुढं दिसू लागलं.

शेवटी त्याची बायको तानूबाई वैरण टाकता टाकता म्हणाली, "म्हशीसुदिक शेजारणीकडं बघून चार काड्या जास्त खात्यात. तुमीच तेवढं एकटं!"

दुसऱ्या दिवशी भर सकाळी, साऱ्या गावादेखत, सटवाजी गोटा बैलगाडीत घालून तालमीत परत आला. स्वतःच उचलून नेलेला गोटा गाडीतून आणताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लिंबाजी आखाड्यात माती कालवत होता. तो रागावला नाही की हसला नाही.

"रोज भिजवून ठिवलीया माती," तो म्हणाला. "लंगोट बांध."

त्या सकाळी गोटा कमरेपर्यंत आला, असं सांगतात. कुणी म्हणतं भैरोबा पावला. शिदू वस्ताद म्हणतात, देवाला कशाला मधे आणता, तिथं वीस माणसं श्वास रोखून उभी होती.

जत्रेला बेलोशीकर रिकामी गाडी घेऊनच आले. सटवाजीनं गोटा छातीपर्यंत आणला आणि तिथं तो थांबला. बेलोशीच्या गाडीवाल्यानं बैल जुंपायला घेतले. तेवढ्यात लिंबाजी रिंगणात शिरला.

"हात लागला तर बाद!" बेलोशीकर ओरडले.

लिंबाजीनं दोन्ही हात पाठीमागं बांधले, सटवाजीच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला आणि रोजच्याच आवाजात म्हणाला, "अजून एक."

गोटा खांद्यावर गेला. बेलोशीच्या पाटलांनी मोठ्या मनानं मानाचा फेटा आपल्या हाती घेतला आणि पुढं आले. सटवाजीनं मान मागं घेतली. "आधी लिंबाजीला बांधा," तो धापा टाकत म्हणाला. "तवर जावई खाली ठेवत न्हाई." फेट्याचं शेवटचं टोक खोचेपर्यंत तो गोटा घेऊन तसाच उभा राहिला. लिंबाजीला रडू आवरेना, आणि त्यानं ते आवरलंही नाही.

गोट्यानं शीव ओलांडली नाही ती नाहीच. आजही जोड सोबत नसेल, तर कितीही तालेवार पैलवानाला जावयाला हात लावू देत नाहीत. फेटा बांधायचा मान आजही बेलोशीकरांचा, आणि ते एकेक वेढा मुद्दाम सावकाश घालतात. गोटा घेतलेला गडी घामानं निथळत असतो, आणि हात पाठीमागं बांधून उभी असलेली त्याची जोड प्रत्येक वेढ्याला त्याच्याकडं बघून म्हणते, "अजून एक."