पासवर्ड कुणाचा?

संस्थेचे अध्यक्ष दौलतराव जगदाळे शाळेच्या सभेत कडाडले, "मोबाइल आणायचा असेल, तर पासवर्ड ऑफिसात सांगायचा! आणि कुणाच्या मोबाइलवरून वावगं काही गेलं, तर त्याला शाळेतून काढणार!"

दहावीतली ऋतुजा खिलारे उभी राहिली. मी मुख्याध्यापक, तिला घाईघाईने खाली बसायला खुणावू लागलो.

"साहेब, ऑफिसातल्याच कुणी माझ्या मोबाइलवरून तुम्हाला शिव्या पाठवल्या, तर काढणार कुणाला?"

"तुलाच! मोबाइल तुझा, जबाबदारी तुझी!"

"मग पासवर्डही माझ्यापाशीच राहू द्या. नाहीतर काढताना माझ्याबरोबर अख्खं ऑफिस काढा."

पहिली टाळी कारकुनांनीच वाजवली. हुकूम तिथल्या तिथे मागे घेत अध्यक्ष गुरगुरले, "हिला शिकवलं कुणी?"

"मी," असं म्हणताना अध्यक्षांपुढे माझा आवाज पहिल्यांदाच कापला नाही.