हसणाऱ्याच्या दारातली टोपली

मला हे नीट आठवते आहे की नाही, याची खात्री नाही. रेमेद मावशी सांगायची त्यात मी माझे वाचन मिसळले असेल. तरी ऐका. वसईच्या वाड्यांमधल्या आमच्या छोट्या ख्रिस्ती देवळात सांत, म्हणजे संत, दोरोतेयाच्या सणाला फुलांची आणि पेरूंची टोपली भरतात, पण ती वेदीवर ठेवत नाहीत. वर्षभरात ज्याने दुसऱ्याची सर्वांत जास्त टिंगल केली, त्याच्या दारात नेऊन ठेवतात.

दोरोतेया रोमी अमलातल्या दूरच्या कप्पदोकिया प्रांताची, असे सांगतात. तिने ख्रिस्ताला वरले होते, म्हणून लग्नाला नकार दिला. तिथल्या सुभेदाराला ते सोसेना. हाताशी फौज असून एका पोरीवर चिडणारा माणूस. त्याच्याविषयी अधिक काय बोलायचे! मूर्तीला धूप घाल, नाही तर मान जाईल, एवढेच त्याला सुचले. तिने धूप घातला नाही.

भर थंडीत तिला वधासाठी नेत होते. माझ्या वराच्या बागेतली फुले कधी सुकत नाहीत, असे ती म्हणाली म्हणे. रस्त्याकडेला थेओफिल नावाचा वकील मित्रांसोबत उभा होता. तो ओरडला, "अगं ए नवरीबाई, सासरी पोचलीस की मलाही टोपलीभर धाड हो!"

मित्र खिदळले. असल्यांना मित्र असतातच.

"धाडीन," ती म्हणाली.

तिचे शिर उडवले गेले. इकडे टोळके मजेत जेवायला बसले, तोच एक अनोळखी लेकरू आत आले, थेओफिलपुढे टोपली ठेवून नाहीसे झाले. आत गुलाब आणि सफरचंदे, ताजी टवटवीत. मित्र ताटे टाकून पळाले. थेओफिल मात्र उठून सुभेदाराकडे गेला आणि म्हणाला, "मीही तिचाच देव मानतो." त्याचीही मान गेली. त्या सगळ्या टोळक्यात माणूस निघाला तो एवढाच.

आजही टोपली जाते. काही दीडशहाणे तिच्यासोबत फोटो काढून घेतात, जणू सत्कारच झाला. गेल्या साली ती आमच्या वाडीतल्या जुझेच्या दारात ठेवली. बहिणीने लग्न केले नाही म्हणून तो तिला वर्षभर चारचौघांत हिणवत होता. त्याची बायको आतूनच म्हणाली, "घ्या, आता हसा की!"

मावशी गेल्यावर बऱ्याच वर्षांनी मी दोरोतेयाची जुनी लॅटिन कथा स्वतः वाचली, तेव्हा एक गोष्ट कळली. त्या लेकराने टोपली आधी दोरोतेयालाच आणून दिली होती, तलवार पडण्यापूर्वी. स्वतःला आलेली ती टोपली हसणाऱ्या थेओफिलकडे न्यायला तिनेच सांगितले.