खड्यांची भिंत आणि पगारी बेडूक

भातशेतीच्या एका बांधात फार पूर्वी उंदरांचं मोठं बीळ होतं. कोणत्या कप्प्यातलं धान्य भिजतंय ते कळावं म्हणून त्यांनी एक भिंत सारवली. कप्प्यात ओल दिसली, की भिंतीवर खडा लावायचा. पण भिंत सारवण्यातच सगळे इतके गुंतले, की कप्प्यांत जायला कोणी उरलं नाही. मग रोज एका किड्याच्या बोलीवर त्यांनी बेडूक राखणीला ठेवला.

एके दिवशी बिळात पाणी शिरलं. भिंतीवर एकही खडा नव्हता.

बेडूक म्हणाला, "सगळं छान आहे. कालच्यापेक्षा छान."

"मग हा कुबट वास कसला?" म्हातारी उंदरीण गोंधळून कधी भिंतीकडे, कधी बेडकाकडे बघत राहिली.

तिचं शेपूट केव्हाचं पाण्यात होतं.