बक्षिसीची साळुंकी

एका राज्यात कुणी कुणाला मनापासून काही देत नव्हतं, आणि तरीही सगळे येताजाता देत होते. ते कसं झालं, ते ऐका.

त्या राज्याचा राजा मणिभद्र. एकदा तो आपल्याच राजपांथशाळेत जेवला, सुंद्रा नावाच्या वाढणारीवर खूश झाला आणि बोटातली अंगठी काढून त्यानं तिला दिली. दिली ती दिली, पण दिल्याचं जगाला कळावं कसं, याचा त्याला घोर लागला. त्यानं धूम्रा नावाच्या मांत्रिकिणीला बोलावलं. तिनं सोनेरी चोचीची एक साळुंकी घडवली. ती पांथशाळेच्या उंबरठ्यावर बसे आणि जेवणाच्या मोलावर कुणी काय बक्षिसी ठेवली ते मोठ्यानं सांगे. "शेटजींनी सढळ हातानं दिलं." नाही तर, "पाहुणे तसेच निघाले." हे दुसरं वाक्य चारचौघांत ऐकण्यापेक्षा माणसं मुकाट्यानं कनवटीला हात घालत.

धूम्रानं आपलं मोल मागितलं तेव्हा राजा म्हणाला, "खूश झालो की देऊ." खूश तो झाला. द्यायचं राहिलं.

बघता बघता कापडवाल्याच्या दारात साळुंकी आली, न्हाव्याच्या दारात आली, हलवायाच्या दारात आली. पाणपोईवर, जिथं पाणी आपलं आपणच ओतून प्यायचं, तिथंही आली. लोक स्वतःच्या हातानं पाणी पीत आणि कुणासाठी कोण जाणे, बक्षिसी ठेवत. मग कारभाऱ्यांनी डोकं चालवलं. नोकरांना बक्षिसी मिळतेच आहे, तर वेतन कशाला? वेतन बंद झालं.

इकडे धूम्रा वाट पाहून पाहून संतापली. तिनं शाप दिला, "या राज्यात लाजेनं वा लौकिकासाठी जे दिलं गेलं आणि दिलं जाईल, ते घेणाऱ्याच्या अंगात तांबं होऊन भिनेल." तिला वाटलं, घेणाऱ्यांत सगळ्यात मोठा राजाच. पण शापांचं हे असंच असतं. नेम धरावा राजवाड्यावर आणि लागावा वाढप्याला.

सुंद्राचं आधी अंगठीचं बोट तांब्याचं झालं, मग पंजा. पांथशाळेच्या दाराशी दोन वाढपी पुरते तांब्याचे होऊन हात पुढे करून उभेच होते. पाहुणे त्यांच्या हातांवर पागोटी अडकवत. सुंद्रा तिकडे न बघता ये-जा करी. पण एका रात्री ती आपल्या लेकीला, छबीला, थोपटून निजवू लागली, तर पोर आक्रसली. "गार लागतं, आई," म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. सुंद्राला रडू आलं. दिवसभर राबून आल्यावर एवढंच एक सुख तिच्या वाट्याला होतं.

ती साळुंकीकडे गेली. "तू ओरडतेस, म्हणून माझं हे असं झालं."

"मला ओरडायलाच घडवलंय, बाई," साळुंकी म्हणाली. "काळ्या डोंगरावर धूम्रा राहते. तिला विचार."

छबीला शेजारणीकडे सोपवून सुंद्रा निघाली. वाटेत एक नदी झोपली होती. तिची झोप मोडू नये म्हणून सुंद्रा हलक्या पावलांनी तिच्यावरून चालत गेली.

धूम्रानं तिचा हात हातात घेऊन पाहिला. "हा शाप तुझ्यासाठी नव्हता. माझं मोल बुडवणाऱ्या राजासाठी होता."

"पण लागला मलाच, आजी."

"दिलेला शाप परत घेता येत नाही. सगळ्यांसाठी मिळून एक उतारा आहे. या परातीतल्या पाण्यात तुला मिळालेलं असं नाणं टाक, जे देताना देणाऱ्याची छाती फुगली नाही आणि घेताना तुझी मान झुकली नाही. तीनदा टाकता येईल. चुकलं, तर तांबं वर चढेल."

सुंद्रा एका सराफाकडे गेली. त्यानं तिच्या हातावर मोहोर ठेवली, आणि कुणी पाहिलं का म्हणून मागं वळून बघितलं. डोंगरावर परतून तिनं ती परातीत टाकली, तर पाणी हिरवं झालं. तांबं कोपरापर्यंत आलं.

मग तिला एक म्हातारा विणकर भेटला. त्यानं आपलं होतं नव्हतं ते एकच नाणं तिला दिलं आणि वर हात जोडले. त्याची छाती काही फुगली नाही, पण सुंद्राला त्याच्याकडे मान वर करून बघवेना. पाणी पुन्हा हिरवं झालं. तांबं खांद्याशी आलं. आता चुकलं की काळजातच.

ती डोंगर उतरली. मुलीकडे रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून बाजारात तिनं माळणीकडून वाटाभर बोरं घेतली आणि डाव्या हातानं पैसे दिले. माळणीनं ते मोजले, बटव्यात टाकले आणि पुढच्या गिऱ्हाइकाला विचारलं, "तुला गं?" सुंद्रा तिथंच उभी राहिली. माझी छाती फुगली नाही, आणि हिनं मान खाली घातली नाही. तिनं बोरं ओच्यात बांधली आणि थेट राजदरबार गाठला.

"महाराज, मी वाढलं त्याचं वेतन द्या."

राजानं गळ्यातला मोत्यांचा कंठा काढला. दरबार म्हणाला, "वाहवा." सुंद्रानं हात पुढे केला नाही.

"कंठा नको, महाराज. वेतन द्या."

राजा गोंधळला. त्याला देण्याची सवय होती, चुकतं करण्याची नव्हती. कंठा घेऊन तो स्वतः खाली उतरला, तिच्या हाताशी आला आणि थबकला. तांब्याच्या बोटात एक अंगठी रुतली होती.

"ही आमची?"

"हो, महाराज. आपण सगळ्यांसमोर दिली होती. विकली असती, तर साळुंकी गावभर ओरडली असती."

राजानं कंठा बाजूला ठेवला. मग कुठल्याही राजानं कधी विचारलं नव्हतं ते त्यानं विचारलं, "किती झाले?"

कारभाऱ्यानं आकडा सांगितला. राजानं पैसे मोजून दिले. सुंद्रानं ते त्याच्यासमोर पुन्हा मोजून घेतले आणि म्हणाली, "बरोबर आहेत. धूम्राचे राहिलेत."

ते पोचवायला राजा स्वतः तिच्याबरोबर निघाला. नदी आता जागी होती. ती राजाला म्हणाली, "जोडे काढ." त्यानं काढले.

धूम्रानं आपलं मोल घेतलं. सुंद्रानं परातीत नाणं टाकलं. पाणी निवळच राहिलं. तांबं खपलीसारखं गळून पडलं आणि अंगठी घरंगळत राजाच्या पायाशी गेली.

त्याच क्षणी पांथशाळेच्या दारातले दोन्ही वाढपी जागे झाले आणि एक म्हणाला, "हे पागोटं कुणाचं?" वेतन सुरू झालं. साळुंक्या रानात उडून गेल्या. त्यानंतरही कुणी खुशीनं काही ठेवून जाई, कुणी नुसतंच "आमटी झकास होती" म्हणे, आणि दोघांनाही लोक पुन्हा या म्हणत.

सुंद्रा घरी आली. छबीनं बोरं खाल्ली, आईचा हात ओढून गालाखाली घेतला आणि झोपून गेली. हाताला मुंग्या आल्या, तरी सुंद्रानं तो काढला नाही.

कहाणी संपली. आवडली तर आवडली म्हणा, नाही तर उगी उठून जा. दारात साळुंकी नाही.